जलरंग आणि शाई: अमूर्त चित्रात रेघ कधी यावी?

चिरेबंदी | ९ जुलै, रात्री ९:४०

आमच्या मागच्या अंगणात जांभ्याची विहीर आहे. मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी आता वाकून हात घातला तर लागतं. आतल्या चिऱ्यांवर शेवाळ, फटींतून नेचे, आणि दगडाच्या भोकाभोकांतून दिवसरात्र पाझरणारं पाणी. तीन वर्षं झाली, मी ही विहीर जलरंगात काढते आहे. रहाट, कठडा, दोरी, सगळं जसंच्या तसं. लोकांना चित्रं आवडतात, दोन-तीन नातेवाइकांच्या भिंतींवर लागलीही आहेत. पण विहिरीत डोकावल्यावर मला जे वाटतं ते त्यांत एकदाही आलं नाही. तो गारवा, आतून येणारा मातीचा वास, ओल आपल्या अंगाकडे चढत येते आहे असं वाटणं. म्हणून यंदा ठरवलं की रहाटही नको आणि कठडाही नको. फक्त ओल काढायची.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पूर्ण सुती, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत, १५ बाय ११ इंच. रंग तीनच घेतले: बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि किंचित सॅप ग्रीन. शिवाय काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, एक टाक (शाईत बुडवायचं निबचं पेन) आणि एक बोरू (बोरूच्या काडीची तासलेली लेखणी).

पहिल्या दिवशी कागद दोन्हीकडून भिजवून बोर्डावर पसरला. वरच्या कडेने बर्न्ट सिएना सोडला, खालच्या कडेने अल्ट्रामरीन, आणि बोर्ड हातात धरून दोघांना एकमेकांकडे जाऊ दिलं. मध्ये जिथे गाठ पडली तिथे राखाडी झाला, पण सपाट राखाडी नाही. जवळून पाहिलं तर निळे आणि विटकरी कण वेगवेगळे दिसतात. तेवढ्यावर थांबले. सकाळी केलेलं काम संध्याकाळपर्यंत वाळत होतं, हवाच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी फक्त खालच्या अर्ध्यावर निळ्या-हिरव्याचा दुसरा थर दिला, आणि तो ओलसर असताना स्वच्छ पाण्याचे थेंब टाकले. थेंबांनी रंग बाहेर ढकलला, कडेला कातरलेली फुलं उमटली. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेच्या वेळी बाई याला ‘डाग’ म्हणायच्या, आणि वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट थरात, असा डाग पडला की कागद बदलायला लावायच्या. इथे मला त्यांत शेवाळ दिसलं. मग मुद्दाम आणखी चार पाडली. त्या रात्री हे चित्र माझं होतं, असं मी अगदी मनापासून सांगते.

तिसऱ्या दिवशी शाई घेतली. बोरूने फुलांच्या कडा धरल्या, राखाडी पट्ट्याची हद्द धरली, मग हात आपोआप चिऱ्यांचे सांधे काढत गेला. वीस मिनिटांत कागदावर विहीर हजर. शेजारच्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या, “अगो, आपली विहीर!” मला रडू यायचं बाकी होतं.

तुम्ही जे जलरंग आणि शाई एकत्र वापरता ते शाई केव्हा आणता? आधी की शेवटी? आणि वाळलेली वॉटरप्रूफ शाई जात नाही हे माहीत आहे, तरी या कागदाचं आता काही होऊ शकतं का?


टिपकागद | ९ जुलै, रात्री ११:१५

ताई, दुसऱ्या दिवसापर्यंतचं वर्णन वाचूनच चित्र डोळ्यांसमोर आलं. शाई ‘शेवटी’ आणली हे बिघडण्याचं कारण मला वाटत नाही. बिघडलं ते तिला दिलेल्या कामामुळे. रंगाने जे सांगून झालं होतं तेच रेघेने पुन्हा सांगितलं. डागाची कड रेघेने बांधली की डाग वस्तू होतो, आणि वस्तू झाली की डोळा तिला नाव शोधतो.

अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक असलेल्या कांडिन्स्कीचं पेन्सिल, जलरंग आणि शाईतलं एक काम पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये आहे. त्यावर साल १९१० घातलेलं आहे, काही अभ्यासक मात्र ते १९१३ चं मानतात. छापील चित्र मिळालं तरी एकदा नीट बघा. रंगाचे डाग एकीकडे चाललेत, शाईच्या बारीक रेघा दुसरीकडे. काही ठिकाणी रेघ डागाच्या पोटातून जाते, काही ठिकाणी डागाला टेकायच्या आत संपते. एकही रेघ कुंपण घालत नाही. मी महिनाभर रोज तेवढंच बघत होतो.

आता ‘केव्हा’ याबद्दल. मी शाई तीन अवस्थांत वापरतो आणि तिन्ही वेळा ती वेगळी वागते. कागदावर पाणी चकाकत असताना टाकाचं टोक टेकवलं तर शाई मुळांसारखी पसरते, तिथे आपला ताबा जवळजवळ नसतो. चकाकी गेली पण तळहाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो, त्या वेळी रेघ रेघच राहते, फक्त तिला दोन्ही बाजूंनी लव फुटते. आणि पूर्ण वाळल्यावर येते ती कोरडी, ठाम रेघ. तुमचा विषय ओल आहे. कोरडी रेघ ओलीबद्दल काय बोलणार? मधली अवस्था धरून बघा. तीही थोडीच, नाहीतर सगळं चित्र केसाळ होतं.

आणि बोरू आहे तर त्याचं टोक थोडं झिजू द्या. नुकताच तासलेला बोरू अक्षर फार चांगलं काढतो, आणि अक्षर काढायची सवय असलेला हात सांधेच काढणार.


साधाप्रश्न | १० जुलै, सकाळी ८:०५

मी चित्रं काढत नाही, पाहतो. राग मानू नका, खरंच समजून घ्यायचं आहे. सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र मी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहिलं, आणि त्या उजेडापुढून मला हलता येईना. तिथे काय चांगलं आहे ते मला कळतं: उजेड, चेहरा, बोटांमधून येणारी लाली. अमूर्तात मी कशाला धरू? पाणी सांडून जे होतं त्यात आणि चिरेबंदी ताईंच्या दुसऱ्या दिवसाच्या कागदात फरक कुठे आहे? आणि ते पुरं झालं हे कळतं कसं?


गच्चीवरून | १० जुलै, दुपारी १:३०

साधाप्रश्न, तुम्ही बोटांमधून येणारी लाली म्हणालात ना, तिथेच धरा. ती लाली बाईची आहे म्हणून तुम्ही थांबला नाहीत. गडद आणि उजळ यांच्यामध्ये नेमकी तेवढीच ऊब होती म्हणून थांबलात. अमूर्तात बाई आणि दिवा बाजूला होतात, ती नेमकेपणाची अट तशीच राहते. उलट जास्त कडक होते, कारण चुकलेली छटा ‘हा हात आहे’ म्हणून पदरात घेतली जात नाही.

पाणी सांडण्याबद्दल: सांडलेल्या पाण्याला पुढचं पाऊल नसतं. ताईंनी पहिलं फूल अपघाताने पाहिलं आणि पुढची चार ठरवून पाडली. कुठे पाडायची, किती, केव्हा थांबायचं हे त्यांनी ठरवलं. माझ्या दृष्टीने चित्र तिथे सुरू झालं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या कामाला अमूर्त म्हणायला राजी नव्हते, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे कोणतीही वस्तू न दाखवणारं म्हणत. रोलरने, पॅलेट नाइफने तैलरंग चढवायचा, मग काही काढून घ्यायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची, बाकीचा वेळ बघत राहण्यात जायचा. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास त्यांना झेपत नव्हते, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. त्यांतली काही मी प्रदर्शनात पाहिली आहेत. पांढऱ्या कागदावर थोड्याशा काळ्या खुणा, ज्या कोणत्याही लिपीतल्या नाहीत तरी लिहिल्यासारख्या वाटतात. मी एका कामापुढे उभी राहून मनातल्या मनात एक खूण झाकून पाहिली. बाकीचा कागद लगेच रिकामा पडला. मघापर्यंत तोच कागद भरलेला होता. ‘पुरं झालं’ याचा माझा अंदाज तेव्हापासून असा आहे: काही काढलं तर पडतं, काही घातलं तर दाटतं.


निवृत्त_रसायन | १० जुलै, सायंकाळी ६:५०

पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, रंगवायला निवृत्तीनंतर लागलो. चित्राबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण कागदावर काय घडतंय ते सांगू शकतो.

राखाडीत निळे-विटकरी कण वेगळे दिसले, कारण अल्ट्रामरीनचे कण तुलनेने जाड असतात, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. जुन्या पिढीला आठवत असेल, पांढऱ्या कपड्यांना घालायची पुडीतली नीळ म्हणजे हाच पदार्थ. थॅलो ब्लू हा दुसरा निळा घेतला असता तर असे दाणे आले नसते. तो फार बारीक, धाग्यांत शिरतो आणि मग उचलूही देत नाही. बर्न्ट सिएना म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची भाजलेली माती. आणि चिरेबंदी ताई, जांभा तांबडा दिसतो तोही लोहाच्या ऑक्साइडनेच. तुम्ही विहिरीचा रंग विहिरीच्याच नात्यातल्या मातीने काढला आहे. हे वाचताना मला फार आनंद झाला.

वाळताना रंगाची कड गडद का होते? थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, त्याची जागा भरायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना कण घेऊन जातं. चहाच्या डागाला कडं पडतं ते याच कारणाने. फुलांचं उलट समजा: ओलसर थरात जास्तीचं पाणी आलं, ते कमी ओल्या भागाकडे सरकलं आणि वाटेतले कण पुढे ढकलत नेले. म्हणून थर चकाकत असताना थेंब टाकला तर फूल उमटत नाही, नुसता फिकट होतो. वाळल्यावर टाकला तर ठिपका राहतो. मधली वेळ हवी. टिपकागद यांनी शाईसाठी सांगितलेली मधली वेळ तीच.

शाईबद्दल एक सावधगिरी. ड्रॉइंग इंकमध्ये काजळी म्हणजे कार्बन असतो आणि बहुधा लाखेचा चिकटा. वाळली की पाण्याने हलत नाही, उन्हाने फिकट होत नाही. फाउंटन पेनची शाई बहुतेक विरघळणाऱ्या रंजकाची असते. ओल्या कागदावर तिच्यातून निळा, जांभळा, तांबूस असे पदर सुटतात. शाळेत खडूवर किंवा टिपकागदावर आम्ही हाच प्रयोग करून घ्यायचो. दिसतं फार सुंदर, पण भिंतीवर उजेडात ते टिकत नाही. आणि उलट चूक करू नका: लाखेची शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं चोंदतं.


दोनसमुद्रपार | ११ जुलै, सकाळी ६:२०

मी न्यू जर्सीत आहे. हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा इतकी कोरडी की सर म्हणतात ती मधली वेळ दोन-तीन मिनिटांत निघून जाते. मी स्प्रे बाटली घेऊन कागदामागे धावते. रत्नागिरीला आजोळी जुलैत रंगवायला बसले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कागदाने मला थांबायला वेळ दिला. ताई, तुमच्याकडे पाऊस आहे तोवर ती सवड वापरून घ्या. घाईने हेअर ड्रायर लावू नका, साचलेलं पाणी हवेने ढकललं जातं आणि नको तिथे कड पडते.

मीठ टाकायचा मोह झाला तर पावसाळ्यात टाळा. मिठाचे खडे रंग ओढून घेतात, तारे छान पडतात, पण कागदात उरलेलं मीठ दमट हवेत पुन्हा पाणी धरतं. आजोळी ठेवलेल्या माझ्या एका चित्राला पुढच्या वर्षी बुरशीचे ठिपके आले होते. त्यावर मीठही होतं आणि ते भिंतीला चिकटून ठेवलं होतं. दोष कुणाचा ते ठरवता आलं नाही, तेव्हापासून दोन्ही टाळते.


चिरेबंदी | १३ जुलै, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. सर, नात्यातल्या मातीचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं.

दोन दिवस चित्र काढलं नाही. एका कागदाचे हाताएवढे बारा तुकडे केले, सगळ्यांवर एकच निळा थर दिला आणि घड्याळ लावून ठरावीक वेळाने एकेका तुकड्यावर बोरूने रेघ ओढली, शेजारी पाण्याचा एक थेंब टाकला. मागे पेन्सिलीने वेळ लिहून ठेवली. आमच्या पडवीत, पाऊस चालू असताना, चकाकी पंचवीस मिनिटं टिकली. त्यानंतर जवळजवळ चाळीस मिनिटं ती गार, मधली वेळ. माझा समज दहा मिनिटांचा होता. म्हणजे इतकी वर्षं मी वाळण्याआधी उरकायचं म्हणून धावत होते, आणि कागद माझ्यासाठी थांबलेला होता.

आणखी एक दिसलं. शाई पाण्याने बरीच पातळ केली की वाळल्यावरही ओल्या ब्रशने थोडी सुटते, घट्ट शाई सुटत नाही. म्हणजे राखाडी शाईवर पुन्हा रंग चढवताना हलका हात हवा.

तिसऱ्या दिवसाचा कागद अजून भिंतीला उलटा लावून ठेवला आहे.


कोरीपाटी | १४ जुलै, सकाळी ११:००

मी अगदी नवी आहे. साध्या ड्रॉइंग पेपरवर हे करून पाहिलं तर कागद फुगून नाल्या पडल्या आणि रंग शोषला गेला. फुलं आलीच नाहीत. हातकागदावर होईल का?


टिपकागद | १४ जुलै, दुपारी २:४५

कोरीपाटी, तुमचा हात चुकलेला नाही. कागदाला सायझिंग म्हणजे सरसासारखी खळ असते, तिच्यामुळे पाणी काही वेळ वर उभं राहतं. साध्या ड्रॉइंग पेपरला ती जलरंगापुरती नसते, म्हणून मधली वेळ येतच नाही, ओल्यातून एकदम कोरडं. ३०० जीएसएमचा सुती कागद एकच ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा. वाया गेला असं वाटणार नाही आणि हात मोकळा राहील.

हातकागदावर मी पुष्कळ काम करतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे जाऊन कागद हातात घेऊन बघण्यातच अर्धा दिवस जातो. पण हातकागद जितक्या जातींचे तितक्या त्यांच्या खळी. एक ताव घ्या, कोपऱ्यावर थेंब ठेवा आणि बघा. लगेच पिऊन टाकला तर तो कागद कोरड्या शाईचा. थेंब गोल उभा राहिला तर जलरंगाचा.

चिरेबंदी ताई, ते बारा तुकडे टाकू नका. आणि उलट्या कागदासाठी एक करून बघा. जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापा, ते एकमेकांवर सरकवून खिडकी करा आणि चित्रावर फिरवा. चित्रही चारी बाजूंनी फिरवून बघा. विहीर म्हणून ओळखू येण्यासाठी तिला वर-खाली लागतं. ते काढून घेतलं की बरंच सुटतं.


साधाप्रश्न | १४ जुलै, रात्री ९:००

ताई, त्या बारा तुकड्यांचा एकत्र फोटो टाकाल का? गच्चीवरून यांनी सांगितलेलं झाकून बघणं मी घरातल्या कॅलेंडरवर करून पाहिलं. एक ढग बोटाने झाकला तर चित्राला काहीच झालं नाही. पहिल्यांदाच कळलं की तो ढग तिथे उगाच होता.


चिरेबंदी | २० जुलै, रात्री ९:३०

फोटो उद्या उजेडात काढून टाकते. आधी काय झालं ते लिहिते.

नवा कागद घेतला. त्याच मापाचा, तेच तीन रंग. या वेळी बोर्डावर कागद आडवा ठेवला आणि विहिरीकडे पाठ करून बसले. मागच्या वेळी समोर बसले होते, हे मी लिहिलं नव्हतं. पहिला थर तसाच, पण निळा जास्त आणि विटकरी एका कोपऱ्यात बोटभर. चकाकी जाईपर्यंत हात मांडीवर. मग गार कागदावर झिजलेल्या बोरूने सात रेघा ओढल्या, सगळ्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे माझा लिहायचा हात जसा जातो त्याच्या उलट. रेघांना लव फुटली. दोन रेघा निळ्यातून विटकरीत गेल्या आणि तिथे पोचता पोचता विरल्या. त्या विरण्यात मी काहीच केलं नाही, तिकडे कागद जास्त ओला होता इतकंच. पण पुढचा सगळा निर्णय त्यावरून झाला.

दुसऱ्या दिवशी विरलेल्या टोकांपाशी दोन फुलं पाडली. पाच पाडायची होती. तिसरं पाडायला ब्रश उचलला आणि गच्चीवरून, तुमचं वाक्य आठवलं. ब्रश खाली ठेवला. सॅप ग्रीन अजिबात वापरला नाही. शेवाळ हिरवं असतं म्हणून तो घेतला होता, चित्राने मागितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कोरड्या कागदावर एकच कोरडी रेघ, टाकाने, डाव्या काठापासून दोन इंच आत, आखूड. ती घालायला सकाळपासून दुपार झाली. मी ती रेघ बोटाने झाकून बघते आहे. झाकली की बाकीच्या सगळ्या रेघा सैल पडतात.

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हयसर गार वाटता.” विहिरीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही सांगितलं नाही.

जुन्या कागदावर पुठ्ठ्याचे काटकोन फिरवले. उजव्या खालच्या कोपऱ्यात पाच बाय सात इंचाची एक जागा निघाली, तिथे मी सांधा काढता काढता शाई संपली होती आणि रेघ अर्धी राहिली होती. आडवी धरली की ती विहीर राहत नाही. तेवढी कापून घेतली. बाकीच्या कागदाच्या मागे कोरीपाटीसाठी उद्या खळीचा प्रयोग करून बघते, मागची बाजू अजून कोरी आहे.